आडव्या बाटलीचा हक्क आम्हालाही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात एका वाचकांनी लिहिलं होतं की, पारायणात पुरुषांनी माळ घातली की दारूचा प्रश्न आपोआप सुटेल. माळेला माझी ना नाही, आमच्या घरात दोन माळकरी आहेत. इंग्लंडात 1832 साली प्रेस्टनच्या सात जणांनी दारूला शिवणार नाही म्हणून सह्या केल्या, त्यातून तिकडची चळवळ वाढली. शपथेत बळ असतंच. पण काल्याचा प्रसाद घेऊन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर उभा राहतो आणि शेजारच्या किराणा दुकानात काडेपेटीबरोबर नव्वद मिलीचं दारूचं पाकीटही मिळतं. पैसे नसले तर उधारीवर. शाळेसमोरची गटार त्या रिकाम्या पाकिटांनी तुंबते. पोरं ती फुगवून पायाखाली फोडतात, फटाका वाजतो म्हणून.

कर्नाटकात 1 जुलै 2007 पासून सारायी, म्हणजे पाकिटातली स्वस्त देशी दारू, बंद झाली, तेव्हा आम्हा बायकांना वाटलं, सुटलो. पाकिटात सारायीऐवजी व्हिस्की आली, एवढंच. वर सरकारची स्वतःचीच, एमएसआयएल या सरकारी कंपनीची दुकानं!

माझं माहेर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. तिथं दुकानावरच्या मतदानात निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर, म्हणजे 'दुकान बंद'च्या चिन्हावर, शिक्का मारला तर परवाना असलेलं दुकानही बंद करावं लागतं. सासर कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, म्हणून मला तो हक्क नाही.

सगळ्या राज्यात दारूबंदी करा, असं मी म्हणत नाही. 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, तेव्हाची बंदी सासऱ्यांनी पाहिली होती. ओढ्याकाठी हातभट्ट्या आणि भट्टीवाल्यांचे हप्ते, हेच ते सांगायचे. आमचं मागणं गावापुरतं आहे. जोतीराव फुल्यांनीही 1880 मध्ये पुणे नगरपालिकेला पत्र लिहिलं ते दारूच्या दुकानांविरुद्ध. नुसत्या पिणाऱ्यांना उपदेश करून ते थांबले नाहीत.

ग्रामसभेत विषय काढला की 'ते अबकारी खात्याचं' म्हणून आम्हाला बसवतात. आमच्या बचत संघात मराठी बायका आहेत, कन्नडही आहेत. या बाबतीत तरी सीमावाद नाही. येत्या ग्रामसभेत आम्ही दोन्ही भाषांत लेखी अर्ज देणार आहोत: किराणा दुकानातली विक्री बंद करा आणि गावातलं दुकान ठेवायचं की नाही, यावर बायकांचं मतदान घ्या. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरलंय. शेजारच्या गावांतल्या संघांनीही असेच अर्ज द्यावेत.

– बचत संघाची एक सदस्या, खानापूर तालुका