नातीच्या अर्जाबद्दल

सातारा

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "त्या माणसाचा पोरीवरचा हक्क कोर्टातून एकदाचा तोडून टाक." मागून आई सांगत होती, दादानं दत्तक घेतली की प्रश्नच मिटला. तुमचा आवाज चढला होता, म्हणून मी तेव्हा गप्प बसले. पण माझ्या मनात काय आहे ते तुम्हाला कळायला हवं.

आधी दत्तकाचं. १९५६ च्या कायद्याप्रमाणे बाप हयात असताना त्याच्या संमतीशिवाय मला मुलगी दत्तक देता येत नाही. त्यानं संन्यास घेतला, धर्म सोडला किंवा कोर्टानं त्याला वेडा ठरवलं तरच ती संमती लागत नाही. बायको-पोरीला टाकून गेला, हे कारण त्यात बसत नाही. शिवाय दादाला स्वतःची मुलगी आहे, आणि त्याच कायद्याप्रमाणे घरात मुलगी असताना आणखी एक मुलगी दत्तक घेता येत नाही. पण आई, हे सगळं जमलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं. दत्तकविधान झालं त्या दिवसापासून कायद्यानं मी तिची आत्या झाले असते. तिच्या तापात रात्र रात्र जागले, तिची मी आत्या? दादा-वहिनींचं मन मोठं आहे, त्यांची मी ऋणी आहे. पण हा विषय पुन्हा काढू नका.

बापाचं नातंच संपवणारा हुकूम अमेरिकेत मिळतो. तिथं त्याबरोबर बापाची पुढची पोटगीही सहसा संपते. आपल्याकडे तसा वेगळा दावा नाही, आणि असता तरी मी तो लावला नसता. पोटगी माझ्या एकटीची नाही, तिचीही आहे. तिच्या बापाच्या गावची वडिलोपार्जित जमीन अजून एकत्र आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीलाही त्यात जन्मानं हिस्सा आहे. माझ्या रागापायी मी तिच्या ताटातलं का काढून घेऊ? बाबा, तुमचा राग मला समजतो. तो तुमच्या लेकीसाठी आहे. मला माझ्या लेकीचं बघायचं आहे.

मला हवा आहे तो तिच्या कागदांवर एकटीनं सही करायचा अधिकार. १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं आहे की बाप जिवंत असूनही मुलाकडे बघतच नसेल, तर आईच नैसर्गिक पालक. कायदा माझ्या बाजूनं आहे, तरी खिडकीपलीकडचा माणूस विचारतो, "वडिलांची सही कुठंय?" पोर शेजारी उभी असते, सगळं ऐकते. ती आता सहावीत आहे, तिला कळतं. म्हणून मलाच तिची पालक ठरवावं असा १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करते आहे, म्हणजे हातात कोर्टाचा कागद राहील. कोर्ट तिचं हित बघेल, आणि तिला समज आहे असं वाटलं तर तिचंही म्हणणं विचारात घेईल.

त्याला नोटीस जाणारच. पत्त्यावर सापडला नाही तर पेपरात जाहीर नोटीस द्यावी लागेल. आई, तुला हेच लागेल हे मला माहीत आहे. तासगावात चार लोक वाचतील, मंदिरात तुला कुणीतरी विचारेल. तू मान खाली घालू नकोस. सोडून गेला तो, मी नाही.

बाबा, छाटणीची गडबड संपली की दोन दिवस साताऱ्याला या. तिच्या शाळेची फी तुम्ही भरत आलात, त्या पावत्या आणि बँकेचं पासबुक बरोबर आणा. ती आमच्याकडेच वाढली आणि त्यानं कधी चौकशीही केली नाही, हे तुम्ही प्रतिज्ञापत्रावर सांगायचं आहे. वकीलबाई मजकूर मराठीत करून देतील. नीट वाचा, पटलं तरच सही करा. आणि येताना आईलाही घेऊन या, नात रोज विचारते आहे.

तुमची लेक