खोकी अजून हॉलमध्येच आहेत

क्रॉयडन, शुक्रवार रात्र

प्रिय पक्या,

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू एक अंगठा पाठवून मोकळा झाला असतास, आणि हे प्रकरण अंगठ्यावर मिटण्यातलं नाही. दिवाळीपासून मी तुला नीट चार ओळी लिहिलेल्या नाहीत, त्याच्या शिव्या शेवटी एकदमच दे. तब्येत : शुगर काठावर, गुडघा त्याच्या मर्जीनं चालतो, हिचं बरं आहे. संपलं.

दोन घरं सोडून राहणारे बस ड्रायव्हर आजोबा तुला आठवत असतील. तू आला होतास तेव्हा त्यांच्या कठड्यावर बसून त्यांच्याच सिगरेटी ओढल्या होत्यास आणि फ्लीटवुड मॅकच्या पीटर ग्रीनवरून वाद घातला होतास. ते जिन्यावरून पडले. आता केअर होममध्ये आहेत, परत येतील असं वाटत नाही. मुलगी लीड्सहून घर रिकामं करायला आली. दारात तो लोखंडी कचरापेटारा आणून ठेवला होता, गाद्या, पडदे, खुर्च्या त्यात चाललेल्या. मी सहज डोकावलो तर म्हणाली, ‘बाबांच्या रेकॉर्डी तुम्ही न्याल का? ते म्हणत होते तुम्ही ऐकता. नाहीतर चॅरिटी शॉपला देते.’ मी हो म्हणालो. तिनं स्वतः खोकी उचलून माझ्या दारापर्यंत आणून दिली, वर आभार मानले.

पक्या, तिसऱ्या खोक्यात लीफ हाउंड निघाला.

‘ग्रोअर्स ऑफ मशरूम’. डेका, १९७१. पुनर्मुद्रण नाही, मूळ प्रत. हॉस्टेलच्या वहीत तू ब्लॅक कॅट बोन्स ह्या ब्लूज बँडची वंशावळ काढली होतीस ना, पेशव्यांची असावी अशी? गिटारवाला कॉसॉफ आणि ड्रमर सायमन कर्क तिथून फुटले आणि १९६८ मध्ये त्यांचा ‘फ्री’ हा बँड झाला. मागे राहिलेल्यांनी रॉड प्राइसला घेऊन १९७० मध्ये ‘बार्ब्ड वायर सँडविच’ काढली. प्राइस फॉगहॅट बँडकडे गेला, पीटर फ्रेंच गायला आला आणि त्याचं झालं लीफ हाउंड. आणि त्या फांदीच्या टोकाला तू लाल शाईनं लिहिलं होतंस, ‘हे कोणाला दिसत नाही’. कारण इथल्या दुकानांत रेकॉर्ड येईपर्यंत बँडच राहिला नव्हता, फ्रेंच अ‍ॅटॉमिक रूस्टर बँडमध्ये गेलेला. थोड्याच प्रती निघाल्या, त्यातल्याही खपल्या थोड्याच. तर ती आता मला दिसते. बुटांच्या स्टँडशेजारी आहे.

चिरंजीवांनी फोनवर किंमत बघितली. हजारो पौंड. आपल्या प्रतीच्या कव्हरवर खालच्या कोपऱ्यात ओल लागल्याचा डाग आहे, त्यामुळे काही कमी होतील, तरी आकडा असा की मी उठून दार लावून घेतलं. मुलाचं म्हणणं, तिनं दिली, आपण घेतली, विषय संपला. हिचं म्हणणं, उद्याच फोन कर, आणि करशील तेव्हा ती सगळी खोकीच परत ने म्हणावं, मला हॉलमधून कपडे वाळत घालायला जाता येत नाही.

आता तू हसत असशील. मला माहीत आहे कशाला हसतोयस. जुना बाजार, रविवार, तो पोरगा जो वडील जेवायला गेले म्हणून गोणपाटावर बसला होता, आणि तू त्याच्याकडून दहा रुपयांत उचललेली फ्लीटवुड मॅकची ‘देन प्ले ऑन’. मी तुला मंगळवार पेठेपासून डेक्कनपर्यंत पूर्ण रस्ता बोल लावले होते. त्याला माहीत नव्हतं, तुला माहीत होतं, ही चोरीच आहे वगैरे. तू काय म्हणालास? ‘माहिती मिळवायला आपण मेहनत केली, तिचे पैसे नकोत का?’ तेव्हा मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. (ती ऐकायला मात्र आलो, हे तू सगळ्यांना सांगतोस.) आज तुझं ते वाक्य मला इतकं पटायला लागलंय की मला माझीच शंका येते.

पण पैशांचं मला खरंच फार नाही. हे फक्त तुलाच पटेल. लीफ हाउंड मी दोनदा ऐकली. बरी आहे. फ्रेंचचा आवाज झकास, पहिलंच गाणं कानाखाली जाळ काढतं, पण मधे दोन-तीन गाणी आपल्या गॅदरिंगच्या बँडनंही बसवली असती. एका दिवसात स्टुडिओत उरकली होती, ते ऐकू येतं. कॉसॉफ ह्याच घराण्यातला, आणि फ्रीची ‘टन्स ऑफ सॉब्ज’ शेजारी ठेवली की लीफ हाउंड पोरकट वाटते. तीही तेव्हा खपली नव्हती. ‘ऑल राइट नाऊ’ गाणं गाजायच्या आधी फ्रीला विचारत होतं कोण? त्यांचा बेसवाला अँडी फ्रेझर तेव्हा सोळा वर्षांचा. सोळाव्या वर्षी इतका जागा सोडून बेस वाजवायचा म्हणजे काय! आपण त्या वयात सगळ्या जागा भरत होतो. लीफ हाउंडला भाव आहे तो ती कोणाकडे नाही म्हणून. तर ती जाऊ दे.

मला बाकीची खोकी हवी आहेत.

यादी वाच आणि जळ. डस्टर बेनेटची ‘स्माइल्स लाइक आय अ‍ॅम हॅपी’, ब्लू होरायझन कंपनी, १९६८. हातात गिटार, गळ्यात हार्मोनिका, पायाखाली ड्रम, एकटा माणूस आणि आवाज पूर्ण बँडचा. आजोबांनी त्याला बघितलंय. बॅटरसीच्या नॅग्ज हेड पबमध्ये ब्लू होरायझनचा माइक व्हर्नन ब्लूजच्या बैठकी भरवायचा, तिथे हे ड्युटी संपवून युनिफॉर्मवरच जायचे. कॉसॉफचा बँड तिथेच जमला. आणि कॉसॉफ १९ मार्च १९७६ ला लॉस एंजलिसहून न्यूयॉर्कला जाताना विमानात गेला, पंचविसाव्या वर्षी. बरोबर आठवड्यानं, २६ मार्चला, मेम्फिस स्लिमबरोबरचा कार्यक्रम करून घरी परतताना डस्टर बेनेट गाडीच्या अपघातात गेला. आजोबा म्हणाले, त्या आठवड्यानंतर त्यांनी बराच काळ नवीन रेकॉर्ड घेतली नाही. खोक्यांत ते दिसतंही, ७५ नंतर एकदम फट आहे.

ड्रमर कीफ हार्टलीची ‘हाफब्रीड’ आहे. ब्लूजवाल्या जॉन मेयॉलनं ह्याला बँडमधून काढलं आणि ह्यानं ती हकालपट्टीच रेकॉर्डच्या सुरुवातीला घातली. नोकरी गेल्यावर असं सुचणारा माणूस मला आवडतो. (जोश्याला सांग.) हार्टलीचाच बँड वुडस्टॉकला वाजला आणि सिनेमात दिसला नाही, म्हणून कोणाच्या लक्षात राहिला नाही.

आणि जो अ‍ॅन केली. इथे तू माझी माफी मागायची आहेस. ‘गोऱ्यांनी ब्लूज गाणं म्हणजे कोथरूडच्या बायकांनी एसी हॉलमध्ये भलरी म्हणणं’, हे तुझं वाक्य तीस वर्षं मी सहन केलं. बऱ्याच जणांना ते लागू आहे, मान्य. मेयॉलच्या काही गाण्यांना तर फारच. पण ही स्ट्रेथममध्ये वाढलेली पोरगी, माझ्या घरापासून बसनं जाता येईल अशी जागा, एकटी गिटार घेऊन बसते आणि जुन्या अमेरिकन ब्लूज गायिका मेम्फिस मिनीच्या वळणानं अशी गाते की मी चहाचा कप तोंडाशी नेऊन तसाच थांबलो. १९६९ ची रेकॉर्ड. मोठे बँड मागे लागले होते, ही गेली नाही. छोट्या क्लबांत गात राहिली आणि १९९० मध्ये मेंदूच्या गाठीनं गेली. ऐक, मग भलरीचं बोल.

आता फ्लीटवुड मॅकचा गिटारवाला डॅनी कर्वन. सांगायचं टाळत होतो, कारण इथे आपलं भांडण होणार. ‘सेकंड चॅप्टर’ मिळाली रे. १९७५. आजवर तिच्याबद्दल आपण फक्त वाचलं होतं. तिच्यात ब्लूज शोधायला जाऊ नकोस, नाहीये. हलकी, सुरेल, जुन्या करमणुकीच्या गाण्यांसारखी गाणी आहेत, आणि तो इतका आनंदी आवाज काढतोय की मला ऐकवेना. अठराव्या वर्षी पीटर ग्रीननं त्याला फ्लीटवुड मॅकमध्ये घेतलं. ‘देन प्ले ऑन’मधली अर्धी तडफ त्याची आहे, हे तू तुझ्या दहा रुपयांच्या प्रतीवर ऐकलंस, तरी कबूल करत नाहीस. ग्रीन १९७० मध्ये सोडून गेला, दुसरा गिटारवाला जेरेमी स्पेन्सर पुढच्या वर्षी लॉस एंजलिसला दुकानात जातो म्हणून बाहेर पडला तो थेट एका धार्मिक पंथात, आणि ओझं आलं ह्याच्यावर. १९७२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत कार्यक्रमाआधी त्यानं गिटार फोडली, डोकं भिंतीवर आपटलं, स्टेजवर गेला नाही, समोर बसून बाकीच्यांचा कार्यक्रम बघितला आणि वर त्यांच्या चुका काढल्या. त्यांनी त्याला काढलं. तू म्हणतोस बरोबर केलं. पक्या, तो बावीस वर्षांचा होता. त्या वयात तू मेसमध्ये वरणाचं पातेलं फेकलं होतंस आणि आपण तुला काढलं नाही. नंतर तीन रेकॉर्डी केल्या त्यानं, कोणी घेतल्या नाहीत. नव्वदच्या दशकात तो मध्य लंडनमध्ये बेघरांच्या वसतिगृहात सापडला. १९९८ मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, ह्याचंही नाव त्यात, हा गेला नाही. २०१८ मध्ये वारला. जन्म ब्रिक्स्टनचा. आजोबांची गाडी रोज ब्रिक्स्टनवरून जायची.

ह्या ‘सेकंड चॅप्टर’ला बाजारात कोणी फारसा भाव देत नाही. आणि मला भीती तिचीच आहे. लेकीला मी लीफ हाउंडचं सांगितलं, की ती काय करेल? कोणीही करेल तेच. एखाद्या डीलरला बोलावेल आणि म्हणेल सगळंच बघा. तो हुशार माणूस दोन-चार काढून घेईल, बाकीच्याचे ढिगावर पैसे देईल, आणि डॅनी कर्वन कुठल्या तरी जत्रेतल्या एक पौंडाच्या टबमध्ये जाऊन पडेल. नाही सांगितलं तर रोज ती रेकॉर्ड बुटांशेजारून माझ्याकडे बघत बसणार. नुसती लीफ हाउंड परत द्यावी, गुपचूप, काही न बोलता? पण मग तीच चॅरिटी शॉपला जाईल. म्हणजे किंमत सांगावीच लागणार, आणि किंमत सांगितली की बाकीच्या खोक्यांतही काय असेल, असं तिच्या मनात येणारच. ब्लू होरायझनच्या प्रतींनाही चांगले पैसे येतात, हे मी तिला आपणहून सांगायचं का? कुठपर्यंत सांगायचं? प्रत्येक खोकं? रात्री दोनला मी हे हिला विचारलं. तिनं पांघरूण ओढून घेतलं.

मंगळवारी आजोबांना भेटून आलो. कधी ओळखतात, कधी मला त्यांच्या डेपोतला कोणी समजतात. मंगळवारी बरे होते. लीफ हाउंडचं विचारलं तर तोंड वाकडं केलं. सेलमध्ये अर्ध्या किमतीला घेतली होती, एकदाच वाजवली म्हणाले, ‘फार ओरडतात.’ किंमत सांगितली नाही. सांगायला गेलो, पण तोवर नर्स गोळ्या घेऊन आली, आणि ते डस्टर बेनेटचा पाय कसा चालायचा ते चादरीखालून दाखवायला लागले. निघताना मुलीची आठवण काढली. म्हणाले, केअर होमचे पैसे तिला भारी पडतायत.

आता बोल.

तर ठरलंय असं : रविवारी ती घराची किल्ली एजंटला द्यायला येणार आहे. लीफ हाउंड तिच्या हातात देणार, किंमत चिरंजीवांच्या फोनवर दाखवणार, ब्लू होरायझनचंही सांगणार. आणि मग निर्लज्जपणे म्हणणार की बाकीची, ज्यांना कोणी विचारत नाही ती, मला द्या, हवे तर पैसे घ्या. जो अ‍ॅन केली कुठल्या गटात धरायची ते अजून ठरत नाहीये. तुझं मत काय होईल ते मला माहीत आहे, आणि हे पत्र रविवारच्या आत नाशिकला पोचणार नाही, हेही माहीत आहे. फोन करू नकोस.

तोवर रोज रात्री ऐकतोय. काही फोनवर रेकॉर्ड करून पाठवतो, खरखरीसकट. ‘सेकंड चॅप्टर’ आधी ऐक, मग कर्वनबद्दल जे म्हणायचं ते म्हण.

तुझ्या लेकीचं लग्न ठरल्याचं मला माझ्या सासऱ्यांकडून कळतं, ह्याला काय म्हणायचं? तारीख नक्की झाली की कळव, तिकिटं महाग व्हायच्या आत काढतो. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? निवृत्तीनंतर द्राक्षबागेत जीव रमवणार आहेस असं ऐकलं. तुला फवारणीचा पंप तरी उचलतो का? वहिनींना नमस्कार, आणि त्यांना सांग की भांडण जुनं आहे, काळजी करू नका.

तुझा,
बंड्या

ता. क. ती ‘देन प्ले ऑन’ अजून आहे का तुझ्याकडे? विकली असलीस तर सांगू नकोस.