बीपी मोजण्याआधी जरा बसू तर द्या!

संपादक महोदय, नमस्कार.

आपल्या इंदूरात बागेबाहेर सकाळी फ्री बीपी चेकअपची टेबलं लागतात, चांगलंच आहे, पण माणूस चार चकरा मारून घामाघूम येतो नि लगेच दंडाला पट्टा, तोही स्वेटरवरून, वर गप्पा चालूच, मग आकडा चुकणारच ना. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या लेव्हलला, तोंड बंद, आणि आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू नाही, एवढंच तर आहे. एकदाच १४०/९० आलं की लगेच बीपीचा पेशंट होत नाही, परत मोजावं लागतं. आणि चालू गोळी मनानं बंद करणं तर मुळीच नको (आमच्या गल्लीत 'आता बरं वाटतंय' म्हणून सोडणारे आहेत).

दुसरं मीठ. डब्ल्यूएचओ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, सगळं धरून. इथे पोह्यांवर शेव, शेवेवर जिरावन (आपला इंदुरी चटपटा मसाला), जेवताना परत शेव नि लोणचं! अमेरिकेतल्या २००१ च्या डॅश-सोडियम नावाच्या ट्रायलमध्ये (लोकांवर केलेल्या चाचणीत) मीठ कमी केल्यावर बीपी उतरलं, ज्यांचं हाय नव्हतं त्यांचंसुद्धा. पोहे सोडा म्हणायची माझी हिंमत नाही, शेव मात्र अर्धी करता येते.

बीपी कसं मोजावं याची छोटी चौकट छापाल का?

एक वाचक, रामबाग, इंदूर