स्वेटर घ्या, पण नावं ठेवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी पडली की नागपुरात तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात, परवा मुलीला घेऊन गेलो होतो, तिसरीत आहे ती. बाजूला एक काकू घासाघीस करत होत्या, भाव काही जमला नाही तर नवऱ्याला म्हणतात, "चला हो, चिनी लोकांचा माल काय टिकते!" स्टॉलवरच्या बाई घड्या घालता घालता म्हणाल्या, "ताई, आम्ही गोंदियाचे आहोत," तेही चांगल्या मराठीत. काकू हसल्या अन् निघाल्या.

घरी येताना गाडीवर मागून प्रश्न सुरू, गोंदियाच्या आहेत तर चिनी कशाला म्हटलं, त्यांना राग आला असेल का. मग हळूच म्हणते, आमच्या वर्गात मणिपूरची मुलगी आहे, तिला पण मुलं डोळे ताणून दाखवतात, मिस नुसतं "गप्प बसा" म्हणतात. म्हणजे पोरीला हे आधीच माहीत होतं, मोठी माणसंपण असंच करतात हे तिला नव्याने कळलं.

खरं तर हे लोक चीनच्या जाचापायीच तिबेट सोडून आले, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ त्यांची नॉर्ग्येलिंग वसाहत १९७२ पासून आहे (तेव्हा तो भाग भंडाऱ्यात होता), दोन-तीन पिढ्या इथेच जन्मल्या, आणि आपण त्यांनाच चिनी म्हणतो, कमाल आहे राव.

ही नुसती चेष्टा नसते हो. २०१४ मध्ये दिल्लीत लाजपत नगरला अरुणाचलच्या निडो तानियाला त्याच्या केसांवरून, दिसण्यावरून चिडवलं, त्यातून भांडण झालं, मारहाण झाली आणि पोरगा गेला. त्यानंतर सरकारने बेजबरुआ समिती नेमली, ईशान्येचा इतिहास शाळेत शिकवा असं तिने सांगितलं. माझ्या मुलीला सात राज्यांच्या राजधान्या पाठ आहेत, पण तिथली माणसं कशी राहतात, काय खातात, विचारा, काहीच नाही. निदान डोळे ताणून दाखवणं म्हणजे मस्ती नाही, एवढं तरी शाळांनी पालकांना बोलावून सांगावं, कारण पोरं हे घरूनच उचलतात.

आणि साहेब, राग मानू नका, तुमच्या रविवारच्या पानावर "वधू पाहिजे" मध्ये अजूनही "गोरी" असतंच. मुलगी आता पेपर वाचायला लागली आहे, जाहिरात घेताना तेवढा शब्द गाळता येतो का बघा.

एक पालक, नागपूर