पार्ट्सच्या दुकानातल्या त्या आजोबांना थँक्यू!

शेजाऱ्यांकडून घेतलेला जुना जॉन डिअर ११० (बागेतला छोटा ट्रॅक्टर), सिरियल नंबरची पट्टी पार गंजलेली, त्यामुळे साल कळेना आणि पार्ट मिळेना. विस्कॉन्सिनमधल्या एका दुकानात रांगेत मागे उभे असलेले आजोबा फोनमधला फोटो बघून म्हणाले, मागचं मडगार्ड गोल आहे म्हणजे १९६३ ते ६७, ६८ पासून चौकोनी आलं. तरी स्पार्क येईनाच, तर दुसऱ्या दिवशी स्वतः घरी आले, कोहलर इंजिनचे पॉइंट्स (स्पार्क पाडणारे संपर्क) घासले, फीलर गेजने (फट मोजायच्या पट्टीने) २० थाऊ, म्हणजे ०.०२० इंच, गॅप लावली आणि स्वतःकडचा जुना कंडेन्सर (पॉइंट्ससोबत लागणारा छोटा इलेक्ट्रिक पार्ट) बसवून दिला. थंडीत गुडघे टेकून हो, या वयात! पैसे घेतलेच नाहीत, चहा मात्र दोनदा मागून घेतला, आल्याचा. आजोबा, नाव विचारायचं राहिलं, पण मनापासून आभार. आता पत्र्याचं काम आणि हिरवा रंग बाकी आहे.