उंदीर शांत झाला, पण त्याचे लक्ष लागले का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'अतिचंचल मुलांसाठी नवे औषध, उंदरांवरील प्रयोग यशस्वी' अशा धाटणीच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलपणा आणि उतावळेपणा) असलेल्या मुलांचे पालक त्या जपून ठेवतात, एकमेकांना पाठवतात. पण उंदीर कोणत्या वाणाचा, किती आठवड्यांचा, तुलना कोणाशी केली, मोजले काय आणि औषध कसे व किती दिले, हे त्यांत नसते. एवढे छापायला तीन ओळी लागतात. त्या नसतील तर बातमीत दम आहे की नाही, हे जाणकारालाही सांगता येत नाही.

आधी शब्दाचे. मराठीत रॅटही उंदीर आणि माऊसही उंदीर. प्रयोगशाळेत मात्र एक पाव किलोच्या घरातला, दुसरा जेमतेम 25-30 ग्रॅमचा, आणि दोघांवरचे निष्कर्ष एकमेकांच्या खात्यावर घालता येत नाहीत. हे पत्र रॅटबद्दल आहे.

एडीएचडीच्या प्रयोगांत सर्वाधिक वापरला जाणारा रॅट म्हणजे एसएचआर (स्पॉन्टेनियसली हायपरटेन्सिव्ह रॅट), आपोआप रक्तदाब चढणारा वाण. क्योटो विद्यापीठात ओकामोतो आणि आओकी यांनी 1963 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली, तीही उच्च रक्तदाबाच्या अभ्यासासाठी. विस्टार या वाणाचे, रक्तदाब चढा असलेले उंदीर निवडून पिढ्यान्‌पिढ्या त्यांचीच आपसात पैदास केली आणि रक्तदाबाबरोबर चंचलपणा, उतावळेपणाही उतरला. म्हणून इथे वय फार महत्त्वाचे. रक्तदाब सहाव्या आठवड्याच्या सुमारास चढू लागतो आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्का होतो. चार-पाच आठवड्यांच्या पिल्लावरचा प्रयोग आपल्या कामाचा. चार महिन्यांच्या उंदराच्या वागण्यात लक्षाचा भाग किती आणि रक्तदाबाचा किती, हे कसे वेगळे करणार?

खरी मेख तुलनेच्या उंदरात आहे. एसएचआरच्या शेजारी बसवला जातो तो त्याच मूळ घराण्यातला डब्ल्यूकेवाय, म्हणजे विस्टार-क्योटो. हा स्वभावाने मंद आणि भित्रा, इतका की नैराश्याच्या संशोधनात त्यालाच नमुना म्हणून वापरतात. अशा मंदाशेजारी कोणताही धडधाकट उंदीर चंचलच दिसेल! शिवाय डब्ल्यूकेवायची पैदास पुरती एकसारखी होण्याआधीच तो निरनिराळ्या केंद्रांना वाटला गेला, त्यामुळे आज त्याचे उपवाण एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत. ऑस्लो विद्यापीठाचे तेर्ये सागवोल्डेन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की एनएचएसडी हा उपवाण तुलनेला योग्य, तर एनसीआरएल हा उपवाण चंचलपणा नसताना स्वतःच लक्ष न टिकल्यासारखा वागतो. शोधनिबंधात नुसते 'डब्ल्यूकेवाय' लिहिले असेल तर तुलना कोणाशी झाली हे कळत नाही. सोबत साध्या विस्टारचा किंवा स्प्रेग डॉली या दुसऱ्या नेहमीच्या वाणाचा एक गट असला की जरा हायसे वाटते.

आता मोजमाप. सर्वात स्वस्त चाचणी म्हणजे मोकळी पेटी. उंदीर सोडायचा, वरून कॅमेरा लावायचा आणि तो किती मीटर फिरला ते मोजायचे. ही चाचणी पाच-दहा मिनिटांत उरकतात, तिथेच घोळ होतो. नव्या जागेत प्रत्येक उंदीर हुंगत फिरतो. एसएचआरचा चंचलपणा जागा ओळखीची झाल्यावर वाढतो. डॉक्टरांसमोर पहिल्यांदा नेलेले मूल शहाण्यासारखे बसते आणि आईबाप ओशाळतात, तसेच हे. उंदीर निशाचर, आणि प्रयोग बहुधा दिवसा ट्यूबलाइटखाली. दिवस-रात्रीचे चक्र उलटे करून मंद लाल दिव्यात काम करायला हवे. आणि मुख्य म्हणजे फिरणे कमी झाले याचा अर्थ लक्ष वाढले असा होत नाही. गुंगी आणणारे कुठलेही औषध हा आकडा खाली आणते.

लक्ष मोजायचे तर पाच छिद्रांची चाचणी हवी. ती केंब्रिजमध्ये 1980 च्या दशकात उभी राहिली. अर्धवर्तुळाकार भिंतीत पाच छिद्रे असतात. पाच सेकंद थांबल्यावर एका छिद्रात अर्धा सेकंद दिवा लागतो; त्यात नाक घातले की मागच्या खोबणीत 45 मिलिग्रॅमची गोड गोळी पडते. चुकले तर पाच सेकंद अंधार. दिव्याआधीच नाक खुपसले तर उतावळेपणा, चुकीच्या छिद्रात घातले तर लक्षाचा दोष, घातलेच नाही तर 'वगळलेली फेरी'. उंदराला भूक हवी म्हणून त्याचे वजन नेहमीच्या 85 ते 90 टक्क्यांवर ठेवतात. अडचण अशी की मेथिलफेनिडेट हे एडीएचडीचे नेहमीचे औषध भूक मारते. वगळलेल्या फेऱ्या वाढल्या तर लक्ष ढळले की पोट भरल्यासारखे झाले, हे गोळी उचलायला लागलेल्या वेळावरून ताडावे लागते. दुसरी अडचण काळाची. शिकवण्यातच कित्येक आठवडे जातात आणि तोवर पिल्लू मोठे होऊन रक्तदाबाच्या वयात शिरते. हा पेच पुरता सुटलेला नाही, म्हणूनच पुष्कळजण मोकळ्या पेटीवर भागवतात.

मात्रेचेही तसेच. मेथिलफेनिडेट तोंडाने किलोमागे 2 मिलिग्रॅम किंवा पोटात सुई टोचून 0.5 मिलिग्रॅम दिले की रक्तातली पातळी मुलांच्या उपचारातल्या पातळीच्या जवळपास येते आणि परिणाम मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागात दिसतो. सुईने 5-10 मिलिग्रॅम दिले तर तोच उंदीर सैरावैरा पळू लागतो. तेव्हा 'औषधाने चंचलपणा वाढला' आणि 'औषधाने कमी झाला' हे दोन्ही निष्कर्ष खरे असू शकतात. उंदराच्या शरीरातून हे औषध माणसापेक्षा लवकर उतरते, म्हणून टोचल्यानंतर किती मिनिटांनी चाचणी घेतली हेही पाहावे. आणखी एक नेहमीची लबाडी, बहुधा नकळत होणारी: एकाच मादीची आठ पिल्ले घेऊन 'आठ उंदीर' असे लिहिणे. हिशेबाला ती एकच वीण.

'एडीएचडीचे औषध लागू पडले, म्हणजे या उंदराला एडीएचडीच होता' हा युक्तिवादही टिकत नाही. अमेरिकेत 1978 मध्ये एडीएचडी नसलेल्या मुलग्यांना डेक्स्ट्रोॲम्फेटामिन या एडीएचडीवरच्याच औषधाची एक मात्रा दिली, तेव्हा त्यांचीही चुळबुळ कमी झाली आणि लक्ष सुधारले. मुळात ही औषधे उंदरांमुळे सापडलीच नाहीत. चार्ल्स ब्रॅडली यांनी ऱ्होड आयलंडमध्ये मुलांना बेंझेड्रिन (ॲम्फेटामिनच) दिले ते 1937 मध्ये, एसएचआर जन्माला येण्याच्या पाव शतक आधी. उंदीर उपयोगी पडतो तो औषध मेंदूत कुठे आणि कसे काम करते हे शोधायला, आणि वाढत्या वयात महिनोन्‌महिने दिल्यास पुढे काय होते ते पाहायला. हे प्रयोग मुलांवर करता येत नाहीत.

वाण, उपवाण, वय, चाचणी आणि मात्रा ही सारी माहिती मूळ शोधनिबंधात 'साहित्य आणि पद्धती' या मथळ्याखाली मिळते. विद्यापीठाच्या प्रसिद्धिपत्रकात ती सहसा नसते. वार्ताहराने बातमी लिहिण्याआधी तेवढा भाग वाचावा, एवढीच विनंती.

आपले,
औषधशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे