परवाना निघाला आहे, लग्न व्हायचं आहे

सिनसिनाटी,
ओहायो, अमेरिका
गौरीपूजनाचा दिवस

ती. बाबा आणि ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

परवा तुमच्या जेवणाच्या वेळी फोन केला आणि "आई, तुझं माहेरचं पूर्ण नाव सांग पटकन, मी कोर्टात उभी आहे," एवढंच बोलून ठेवून दिला. नंतर दादाकडून कळलं की तू रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाहीस, आणि बाबा त्याला विचारत होते, "तिकडंच लग्न उरकलं का तिनं?" ते ऐकून मला फार वाईट वाटलं. बाबा, लग्न उरकलेलं नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय मी ते उरकणारही नाही. निघालाय तो फक्त परवाना. फोनवर ते मला नीट सांगता आलं नसतं, म्हणून आज सुट्टी आहे तर सविस्तर लिहिते.

आपल्याकडे आधी लग्न लागतं. अक्षता पडतात, पंगती उठतात, आणि मग कधीतरी कुणीतरी म्हणतं की नोंद करून टाका. इथे नेमकं उलटं आहे. आधी दोघांनी जाऊन परवाना काढायचा, मग तो घेऊन लग्न लावायचं. परवान्याचा अर्थ इतकाच की या दोघांच्या लग्नाला कायद्याची आडकाठी नाही. त्याची मुदत ६० दिवसांची. तेवढ्यात लग्न लागलं नाही तर तो कागद रद्दी, पुन्हा पहिल्यापासून अर्ज. म्हणजे परवा मी कोर्टातून बाहेर पडले ती कुमारिकाच बाहेर पडले, आई.

आता कोर्ट कशाला, हा तुझा दुसरा प्रश्न. ओहायो राज्यात ८८ काउंट्या आहेत, काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समज. प्रत्येक काउंटीत एक प्रोबेट कोर्ट असतं आणि लग्नाचे परवाने तेच देतं. बाबा, तुम्हाला प्रोबेट म्हटलं की मृत्युपत्र आठवणार, आणि ते बरोबरच आहे. मृत्युपत्रं, वारसा, अज्ञान मुलांचे पालक नेमणं, दत्तक, ही सगळी कामं त्याच कोर्टाची. १९०८ सालाच्या अखेरीपर्यंत जन्ममृत्यूच्या नोंदीसुद्धा याच कोर्टात ठेवत. आमच्या आधी बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मांडीवर खाकी पाकीट, त्यावर जाड पेनाने एका बाईचं नाव लिहिलेलं, आणि त्या नावावर त्यांनी तळहात ठेवला होता. त्यांच्या शेजारी आम्ही दोघं लग्नाचा अर्ज घेऊन. मला तिथे एकदम तुम्हा दोघांची आठवण झाली आणि घशाशी आलं.

अर्ज दोघांपैकी एकजण राहतो त्या काउंटीतच करावा लागतो. आम्ही हॅमिल्टन काउंटीत राहतो, म्हणून इथे. दोघांनी समक्ष हजर राहायचं, ओळखपत्र दाखवायचं, आणि आपण लिहून दिलेलं खरं आहे अशी शपथ घ्यायची. नाव, वय, पत्ता, जन्मगाव, व्यवसाय, आधी लग्न झालं होतं का, असेल तर घटस्फोटाची माहिती. दोघांचं नातं काय तेही. चुलत, मामे, आते, मावस भावंडांचं लग्न इथे चालत नाही. आपल्याकडे मामाच्या मुलीवर पहिला हक्क समजतात, हे मी माझ्या होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं तर तो बघतच राहिला. फीमधला काही भाग कायद्यानेच घरगुती हिंसाचारातून सुटून आलेल्या बायकांच्या निवाऱ्याला जातो. हे मला फार आवडलं. लग्नाच्या पहिल्याच पैशातून ज्यांचं लग्न फसलं त्यांची सोय.

आणि मग तो रकाना आला. वडिलांचं नाव, आणि आईचं माहेरचं नाव. मी घरूनच अर्ज भरून नेला होता आणि सवयीने तिथे तुझं सासरचं नाव लिहिलं होतं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "हे त्यांचं लग्नाआधीचं नाव आहे ना?" मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. मला तुझं पहिलं नाव ठाऊक आहे, मामा अजून त्याच नावाने हाक मारतो. पण आजोबांचं नाव आणि आडनाव धरून सबंध नाव मी उभ्या जन्मात कधी लिहिलं नव्हतं. म्हणून तो फोन.

तू नाव सांगितलंस आणि क्षणभर थांबलीस. तो थांबलेला आवाज अजून माझ्या कानात आहे. लहानपणी तू सांगायचीस ना, बाबांनी ताटात तांदूळ पसरून अंगठीने तुझं नवं नाव लिहिलं, आणि आत्याने ते मोठ्याने वाचून सगळ्यांना पेढे वाटले. तू एकविसाची होतीस. जुनं नाव कुणी खोडलं नाही, पण लिहिलंही नाही परत. शाळेच्या दाखल्यावर एक बाई आणि रेशनकार्डावर दुसरी. पासपोर्टाच्या वेळी त्या दोन बायका एकच आहेत हे सिद्ध करता करता तुम्हाला किती हेलपाटे पडले! लग्नाचा दाखला आणा म्हणाले आणि आपल्याकडे पिवळी पडलेली पत्रिका आणि घाटावरचा तो एक फोटो. बाबा, उभी हयात तुम्ही कोर्टाच्या नक्कल विभागात काढलीत, हजारो लोकांना सही-शिक्क्यानिशी खऱ्या नकला दिल्यात, आणि स्वतःच्या लग्नाचा एक कागद नव्हता. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही चहासुद्धा घेतला नाहीत, ते मी पाहिलं होतं.

तर आई, परवा तुझं माहेरचं नाव, तुझ्या वडिलांच्या नावासकट, ओहायोच्या एका सरकारी दप्तरात गेलं. मी अक्षर न् अक्षर दोनदा तपासलं आणि मगच शपथ घेतली.

आता मुख्य मुद्दा, की आम्ही तुमच्याकडे साताऱ्यातच का लग्नाची नोंद करत नाही. तशी खूप इच्छा होती. पण हा आपल्या धर्मातला नाही, त्यामुळे हिंदू विवाह कायदा आम्हाला लागू होत नाही. मग राहतो १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असायला हवं, मग नोटीस द्यायची, मग हरकतींसाठी आणखी ३० दिवस थांबायचं. आम्हाला रजा मिळतेय तीन आठवड्यांची. आणि इथला परवाना घेऊन साताऱ्यात लग्न लावता येत नाही, तो ओहायोच्या हद्दीपुरताच. हद्द म्हणजे किती, तर आमच्या घराजवळून ओहायो नदी वाहते, पलीकडच्या काठावर केंटकी राज्य. पूल चालत ओलांडला तरी हा परवाना निरुपयोगी. याच्या एका मित्राने केंटकीच्या काठावरची सुंदर बाग सुचवली होती, तिथून इकडचं शहर छान दिसतं, पण ती सोडून द्यावी लागली. तिकडे परवाना कोर्ट देत नाही, काउंटी क्लार्क देतो, मुदत ३० दिवसांचीच आणि साक्षीदार दोन लागतात. ओहायोत साक्षीदारच लागत नाहीत. हे ऐकून तुम्ही अस्वस्थ व्हाल, बाबा, मीही झाले.

लग्न लावायचा अधिकारही ठरावीक लोकांनाच आहे. न्यायाधीश, शहराचा महापौर, आणि राज्याच्या सचिवालयातून परवाना घेतलेले धर्मगुरू. देवळातल्या गुरुजींनाही तो परवाना लागतो. त्या यादीत राज्याच्या मूकबधिर शाळेचा कारभार बघणारे अधीक्षकसुद्धा आहेत. वाचून मन भरून आलं. आपल्या माणसाने, आपल्याला कळेल अशा भाषेत लग्न लावावं, हे कुणालातरी सुचलं असणार. आमचं एक न्यायाधीश लावतील, दसऱ्याला. बाबा, तुम्ही नेहमी म्हणता साडेतीन मुहूर्तांना पंचांग बघावं लागत नाही, म्हणून तो दिवस धरला. ६० दिवसांत आरामात बसतो. तुमच्याकडे संध्याकाळ असेल, सोनं वाटून झालं असेल, तेव्हा दादा फोन लावून देईल. बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन चार महिनेही झाले नाहीत, एवढ्या लांब विमानात बसून यायचा हट्ट मी करणार नाही.

पण माझं लग्न मी साताऱ्याचंच मानते, हे लिहून ठेवते. तुळशीचं लग्न झालं की तुम्ही म्हणाल तो मुहूर्त. अंतरपाट, मंगलाष्टका, सप्तपदी, काही वगळायचं नाही. आपला कायदासुद्धा म्हणतो की सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण झाला. माझ्या बाबतीत कायद्याचं काम आधी झालेलं असेल, पण माझ्या मनातलं सातवं पाऊल तिकडेच पडायचंय.

लग्न लागलं की न्यायाधीशांनी ३० दिवसांच्या आत तो कागद भरून त्याच प्रोबेट कोर्टाकडे परत पाठवायचा. मग ते नोंदवतात, आणि त्यानंतरच प्रमाणित प्रत, म्हणजे तुमची खरी नक्कल, मिळते. कागद परत गेलाच नाही तर नोंदच नाही, म्हणून मी स्वतः पाठपुरावा करणार आहे. दुसरं असं की या नकला राज्याच्या राजधानीत, कोलंबसला, मिळत नाहीत. ज्या काउंटीने परवाना दिला तिच्याच कोर्टात मिळतात, मग पन्नास वर्षांनी मागा. म्हणून तुम्ही तुमच्या त्या लाल वहीत लिहून ठेवा: हॅमिल्टन काउंटी, प्रोबेट कोर्ट, सिनसिनाटी. मी तीन नकला काढणार आहे. एकीवर कोलंबसच्या सचिवालयातून अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशातही खरा धरावा म्हणून मारतात तो शिक्का, करून घेईन, भारत २००५ पासून ते मानतो. माझ्या पासपोर्टावर नवऱ्याचं नाव घालायला ती लागेल. याला पुढे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात कायम ये-जा करायची मुभा देणारं कार्ड, हवं असेल तर नोंदलेल्या लग्नाला दोन वर्षं व्हावी लागतात, तेव्हाही तीच कामी येईल. नाव मी बदलत नाहीये. तुम्ही ठेवलेलं नाव आणि पुढे बाबांचं नाव, तसंच राहणार.

बाबा, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. मार्च १८८४ मध्ये इथे एका खुनाच्या खटल्यात ज्युरीने आरोपीला खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरवलं आणि शहर पेटलं. तीन दिवस दंगल चालली, पन्नासहून जास्त माणसं गेली, आणि जमावाने कोर्टाची इमारत जाळली. आतलं दप्तर खाक झालं. काही नोंदी नंतर पुन्हा तयार केल्या. हे वाचलं तेव्हा तुम्हीच डोळ्यांपुढे आलात. पावसाळ्यात रेकॉर्ड रूम गळायला लागली की रविवारीसुद्धा छत्री घेऊन जायचात, लाल कापडातले बस्ते वरच्या फळीवर चढवायला. आई कुरकुरायची. मला तेव्हा कळत नव्हतं तुम्ही कुणासाठी भिजताय.

आता माझं एक मागणं. डिसेंबरात मी येईन तेव्हा तुमच्या लग्नाची नोंद करून घेऊ. उशिरा झालेली नोंदसुद्धा करून मिळते, प्रतिज्ञापत्र आणि थोडा दंड भरावा लागेल. तीन साक्षीदार लागतात. मामा आणि आत्या दोघंही तुमच्या मांडवात होते, तिसरे तुमचे ते बेंच क्लार्क मित्र. गुरुजी आता हयात नाहीत, त्याचं काय करायचं ते दादा आधी ऑफिसात विचारून ठेवेल. पत्रिका आणि तो घाटावरचा फोटो आता कपाटातून काढू नका, हाताळून फाटेल. मी आले की आपण एकत्र काढू.

आई, गौरीला यंदा कोणती साडी नेसवलीस? फोटो पाठव. आणि आजोबांचं नाव मी अर्जात दीर्घ 'ऊ' धरून दोन 'ओ' घालून लिहिलंय, ते बरोबर आहे का मामाला विचारून कळव. चुकलं असेल तर दसऱ्याच्या आत दुरुस्त करून घेते.

तुमची,
छोटी